यमुनेचा खादर

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, दिल्लीतील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



हीरकमहोत्सवात बोलण्यासाठी उभ्या राहिलेल्या माजी विद्यार्थ्याने शाळेच्या आठवणी सांगाव्यात, अशी अपेक्षा असते. ती मी पूर्ण करणार आहे, परंतु थोड्या आडवाटेने. आज मी यमुनेविषयी बोलणार आहे. ज्या नदीचे पाणी पिऊन आपण या शहरात लहानाचे मोठे झालो, तिच्या काठाशी आपली ओळख मात्र पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावण्यापुरतीच राहिली. ही ओळख थोडी वाढावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

१९७८ साली मी सातवीत होतो. आमच्या भूगोलाच्या बाईंनी त्या वर्षी गंगा-यमुनेच्या मैदानाचा पाठ शिकवताना फळ्यावर दोन शब्द लिहिले होते : भांगर आणि खादर. भांगर म्हणजे जुन्या गाळाची, पुराच्या पाण्यापासून दूर असलेली उंच जमीन. खादर म्हणजे नदीलगतची सखल जमीन, जिच्यावर पुराबरोबर नव्या गाळाचा थर चढत राहतो. दोन गुणांचा प्रश्न म्हणून आम्ही या व्याख्या पाठ केल्या आणि पुढच्या पाठाकडे वळलो.

त्याच सप्टेंबरात यमुनेला पूर आला. आम्ही तेव्हा तिमारपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. मॉडेल टाऊन, मुखर्जीनगर पाण्याखाली गेल्याच्या बातम्या येत होत्या. एके दिवशी बाबा मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन रिजच्या चढावर गेले. पूर्वेकडे जिथे रोज शेते, गवत आणि दूरवर पाण्याची बारीकशी रेघ दिसे, तिथे क्षितिजापर्यंत एकच गढूळ पाणी पसरले होते. बहिणीने विचारले, “एवढी नदी कुठून आली?” बाबांजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळ होते, दोन गुणांचे. नदी कुठूनही आली नव्हती. ती तिच्याच जागेत पसरली होती. त्या जागेला खादर म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. शाळेत शिकलेले ज्ञान आणि डोळ्यांसमोरचे जग यांची गाठ पडण्याचा तो माझा पहिला प्रसंग. पुढे मी वनस्पतिशास्त्राकडे वळलो, त्याचे मूळ बहुधा तिथेच असावे.

मित्रहो, नदी म्हणजे केवळ वाहते पाणी, अशी आपली समजूत असते. नकाशावर निळी रेघ काढली की नदी झाली. प्रत्यक्षात मैदानातील नदी ही एक रुंद पट्टी असते. पावसाळ्यात ती पट्टीभर पसरते, हिवाळ्यात एका बाजूला सरकून वाहते, मागे डबकी, दलदली, वाळूची बेटे आणि गवताची राने ठेवून जाते. ही सारी त्या नदीचीच अंगे होत. यमुना यमुनोत्रीपासून प्रयागपर्यंत १,३७६ किलोमीटर वाहते. पल्ला गावाजवळ ती दिल्लीत प्रवेश करते आणि जैतपूरच्या पुढे दिल्ली सोडते. दिल्लीच्या नियोजनात या नदीपट्ट्याला ‘ओ झोन’ असे नाव आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ९,७०० हेक्टर असून त्यातील जेमतेम सहावा हिस्सा प्रत्यक्ष पाण्याखाली असतो. उरलेली जमीन ही नदीची राखीव जागा आहे. ती रिकामी दिसते, म्हणून आपल्याला मोकळी वाटते. आपली सगळी चूक या एका समजुतीत आहे.

या पट्ट्याशी आपल्या मराठी माणसांचा संबंध जुना आहे. बुराडी घाट हे नाव या सभागृहातील प्रत्येकाने इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले आहे. १० जानेवारी १७६०, संक्रांतीचा दिवस. दत्ताजी शिंदे त्या दिवशी यमुनेच्या पात्रात पडले. अखेरच्या क्षणी त्यांच्या तोंडी असलेले वाक्य आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात कितीदा तरी रंगमंचावर ऐकले आहे. परंतु ती लढाई जिथे झाली ती भूमी कशी होती, याचा विचार आपण फारसा करत नाही. थंडीत नदीचे पाणी ओसरून तिचे फाटे झालेले, मधे वाळूची बेटे आणि बेटांवर पुरुषभर उंच वाढलेले गवत व झाऊची झाडी. त्या झाडीच्या आडोशाने रोहिले नदी उतरून आले. म्हणजे दत्ताजींची लढाई खादरात झाली. त्याच वर्षी पावसाळ्यात भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, तेव्हा फुगलेली यमुना मराठे आणि अब्दाली यांच्यामध्ये उभी होती. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ नदी ओलांडून अलीकडे आला आणि पानिपताचा मार्ग ठरला. पुढे ११ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा जनरल लेकने पराभव केला, तो पलीकडच्या तीरावर पटपडगंजला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. आपल्या इतिहासाची किती पाने या नदीच्या चढउतारांनी उलटली, ते पाहा.

बुराडीच्या त्या परिसरापासून जवळच, वजिराबादच्या वरच्या अंगाला, जगतपूर गावालगत आज यमुना जैवविविधता उद्यान आहे. तिथे मी माझ्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे नेत असे. या उद्यानाची कथा सांगण्याजोगी आहे. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू व त्यांचे सहकारी यांनी २००२च्या सुमारास हे काम हाती घेतले. जमीन क्षारपड, पिकांना निकामी झालेली. तिथे बागेसारखी फुलझाडे न लावता त्यांनी यमुनेच्या खोऱ्यात मुळात काय उगवत असे याचा शोध घेतला आणि पाणथळी, गवताळ राने व खोऱ्यातील मूळ वृक्षांचे समूह एकापाठोपाठ एक उभे केले. उद्यानाची एकूण जागा ४५७ एकर आहे. काही वर्षांतच हिवाळी बदके उतरू लागली. त्यांत तांबूस-केशरी डोक्याची, लाल चोचीची मोठी लालसरीही होती. या पाहुण्यांना कुणी निमंत्रण दिले नव्हते. खोलगट पाणी, कडेला देवनळ आणि पाणकणीस, जवळ माणसांची वर्दळ नाही, एवढे त्यांना पुरले.

नोव्हेंबर २०१६ मध्ये या उद्यानात एक बिबट्या आढळला. राजधानीच्या सीमेच्या आत, मेट्रोपासून काही किलोमीटरवर! तो कुठून आला असावा? अभ्यासकांचे अनुमान असे की उत्तरेकडील शिवालिकच्या जंगलांतून यमुनेच्या काठाकाठाने, गवताच्या आणि उसाच्या आडोशाने तो इथवर पोहोचला. मला या घटनेत फार मोठा अर्थ दिसतो. डोंगरापासून राजधानीपर्यंत जंगलाची वाट अजून पूर्ण तुटलेली नाही, याचा तो चालताबोलता पुरावा होता. आसपासच्या गावकऱ्यांना भीती वाटणे स्वाभाविक होते. डिसेंबरात त्याला पिंजऱ्यात पकडून शिवालिकच्या रानात सोडण्यात आले. त्या उद्यानातील वाट पुढच्या भेटीत मी चाललो, तेव्हा गवत हलले की माझे विद्यार्थी थबकत होते. मला त्याचा आनंद वाटला. दिल्लीत वाढलेल्या मुलांना रानाचा धाक प्रथमच जाणवत होता.

आता आपण नदीबरोबर खाली जाऊ. पल्ल्यापासून वजिराबादपर्यंतची यमुना ही दिल्लीतली त्यातल्या त्यात जिवंत यमुना. हिवाळ्याच्या सकाळी तिथल्या वाळूवर चक्रवाकांच्या जोड्या दिसतात. संस्कृत काव्यात रात्री परस्परांपासून दुरावणारा म्हणून वर्णिलेला, अंगाने नारिंगी, तो हाच पक्षी. नदी सुरय पाण्यावरून संथ उडत मासा हेरतो. शेताच्या बांधावर नीलगाय उभी असते, संध्याकाळी कोल्ह्यांची कुई ऐकू येते. याच पट्ट्यातील वाळूच्या पोटात पुराचे पाणी मुरून साठते आणि पल्ल्याच्या विहिरींतून ते शहराला मिळते. खादर हा असा दुहेरी उपयोगाचा आहे : पूर आला की पाणी पसरून त्याचा जोर मोडतो, आणि पूर ओसरला की मुरलेले पाणी पुढच्या उन्हाळ्यासाठी जपून ठेवतो. याहून स्वस्त धरण कुणाला बांधता येईल?

वजिराबादच्या बंधाऱ्यापाशी नदी अडते आणि तिचे पाणी शहराला पिण्यासाठी काढून घेतले जाते. कोरड्या महिन्यांत बंधाऱ्याच्या खाली गोडे पाणी जवळजवळ जातच नाही. तिथून थोड्याच अंतरावर नजफगढचा नाला येऊन मिळतो. हा नाला एके काळी साहिबी नावाची नदी होती. अरवलीत उगम पावून, नजफगढच्या झिलीतून वाट काढत ती यमुनेला भेटायला येई. आज ती नदी आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. वजिराबाद ते ओखला हे अंतर सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे यमुनेच्या एकूण लांबीच्या २ टक्क्यांहूनही कमी. पण नदीच्या एकूण प्रदूषणाचा सुमारे तीन चतुर्थांश भार या एवढ्या अंतरात तिच्यावर पडतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू या पट्ट्यात बहुतेक महिने शून्यावर असतो. मासा तिथे जगू शकत नाही. छठपूजेच्या सुमारास कालिंदी कुंजपाशी जो पांढरा फेस वृत्तपत्रांत झळकतो, तो साबण व धुलाईच्या चुऱ्यातील द्रव्ये बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात घुसळली गेल्याने होतो. तो आपल्या घरांतूनच निघालेला असतो.

तरीही, या २२ किलोमीटरांतही जीवन हार मानत नाही. निगमबोधच्या वर, यमुना घाटावर हिवाळ्यात हजारो कुरव उतरतात. त्यांतील काही लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी जन्मलेले असतात. पहाटे धुक्यात नावेतून फेरी मारणारे लोक त्यांना शेव-फरसाण टाकतात, छायाचित्रे घेतात. दृश्य मोहक आहे, पण तळलेला खारट खाऊ हे त्या पक्ष्यांचे अन्न नव्हे. आपण मुलांना घेऊन गेलात तर कृपया एवढे पाळा.

थोडे खाली पुराना किला आणि त्यालगतचे प्राणिसंग्रहालय. यमुना पूर्वी या किल्ल्याच्या पायथ्याशी वाहत असे, पुढे ती पूर्वेला सरकली. संग्रहालय १९५९च्या नोव्हेंबरात उघडले आणि १९६०पासून तिथल्या तळ्यांतील बेटांवर मोकळे, रानटी चित्रबलाक पक्षी दरवर्षी वीण घालायला येऊ लागले. पावसाळा सरताना शेकडो घरट्यांनी झाडे वाकतात. आईबाप पिलांसाठी मासे आणायला यमुनेच्या पाणथळींकडे झेपावतात. पिंजऱ्यातले प्राणी बघायला गेलेल्या आपल्यापैकी किती जणांनी मान वर करून, तिकीट न काढता आलेले हे पाहुणे पाहिले असतील? मी स्वतः शाळेच्या सहलीत दोनदा तिथे गेलो होतो आणि दोन्ही वेळा मला हत्तीच आठवतो.

आणि शेवटी ओखला. १८७४ साली आग्रा कालव्यासाठी इथे बंधारा बांधला गेला. पुढे नवा बंधारा झाला, त्यामागे पाणी पसरून उथळ जलाशय तयार झाला आणि १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने सुमारे ४ चौरस किलोमीटरचे पक्षी अभयारण्य जाहीर केले. नोएडातील पालकांना तिथे जायला मेट्रोचे स्थानकच आहे. आजवर ३००हून अधिक जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत. थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस. पाण्यावर काळ्याभोर पक्ष्यांचा मोठा थवा दिसला आणि प्रत्येकाच्या कपाळी पांढरा टिळा दिसला, तर तो वारकरी समजा. हे नाव मराठी माणसालाच सुचावे! दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’सारख्या ग्रंथातून अशी नावे आपल्याला जपून दिली. दिल्लीतील मराठी मुलाला हा पक्षी ‘कूट’ म्हणून माहीत असतो, वारकरी म्हणून नाही. ते नाव त्याला सांगणे हे माझ्या मते मराठी शाळेचे काम आहे.

मंडळी, इथवर मी सौंदर्य सांगितले. आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागणार आहे.

१९९४ साली यमुनेच्या खोऱ्यातील राज्यांनी पाणीवाटपाचा करार केला. त्यात नदीसाठी म्हणून वर्षभर सेकंदाला किमान १० घनमीटर पाणी सोडण्याचे ठरले. रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने कोरड्या महिन्यांसाठी ते २३ घनमीटर असावे असे सुचवले. बाकीच्या पाण्यावर शेती, कारखाने आणि शहरे हक्क सांगतात. नदी हक्क सांगत नाही, म्हणून तिचा वाटा शेवटी ठरतो.

पाण्याबरोबर जागाही गेली. नदीच्या दोन्ही बाजूंना बांध पडले. दिल्लीकर त्यांना पुश्ता म्हणतात. पुश्त्याबाहेरचा खादर हळूहळू वसाहतींनी भरला, आणि पुश्त्याच्या आतही बांधकामे झाली. २०१०च्या राष्ट्रकुल खेळांच्या वेळी खेळाडूंचे निवासग्राम आणि मोठे बस आगार नदीपट्ट्यातच उभे राहिले. या साऱ्याविरुद्ध भारतीय वन सेवेतील माजी अधिकारी मनोज मिश्र यांनी २००७पासून ‘यमुना जिये अभियान’ चालवले. त्यांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १३ जानेवारी २०१५ रोजी निकाल दिला : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा धरून पूरमैदान आखावे आणि त्यात बांधकाम होऊ देऊ नये. मिश्र जून २०२३ मध्ये गेले. त्यांच्या मृत्यूनंतरच्या महिन्यात, १३ जुलैला, जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. धोक्याची रेषा २०५.३३ मीटरवर आहे. १९७८चा माझ्या लहानपणीचा उच्चांक २०७.४९ होता, तो मोडला.

यातील एक आकडा मी आपणास लक्षात ठेवायला सांगतो. १९७८ साली वरच्या बंधाऱ्यातून सुमारे ७ लाख क्युसेक पाणी सुटले होते. २०२३ साली हथिनीकुंडहून सुटलेले पाणी सर्वाधिक सुमारे ३ लाख ५९ हजार क्युसेक होते. पाणी निम्मे, आणि पातळी मात्र अधिक उंच! यामागे कारणे अनेक आहेत : पात्रात साचलेला गाळ, पुलांचे खांब, अडलेली बंधाऱ्यांची दारे. पण मूळ गोष्ट साधी आहे. पसरायला जागा उरली नाही, म्हणून पाणी वर चढले.

मी मयूर विहारात राहतो. आपल्यापैकी अनेकांची घरे तिथे, पटपडगंजला किंवा नोएडात आहेत. १९९०च्या दशकात मी घर घेतले, तेव्हा ते कुठल्या जमिनीवर आहे याचा विचार मी केला नाही; मी, ज्याला सातवीत खादराची व्याख्या पाठ होती आणि जो वर्गात पूरमैदानाच्या वनस्पती शिकवत होता. माझे घर पुश्त्याने राखलेल्या खादरावर उभे आहे. २०२३च्या त्या आठवड्यात आमच्या इमारतीत पाणी शिरले नाही. मात्र आमच्या घरासमोरच्या उड्डाणपुलाजवळ खादरातील शेतकरी कुटुंबे ताडपत्र्यांच्या तंबूत आली होती, म्हशी-शेळ्यांसह. आमच्या घरी येणारा पालक, मुळा, काकडी वर्षानुवर्षे त्यांच्याच शेतातून येत होती, हे मला त्या दिवशी कळले. मी आणि माझी पत्नी जेवण घेऊन गेलो, तेव्हा त्यातील एक वृद्ध गृहस्थ मला धीर देऊ लागले, की पूर जाईल, गाळ मागे ठेवील आणि पुढचे पीक चांगले येईल. त्यांचे सर्वस्व पाण्याखाली होते आणि नदीविषयी त्यांची तक्रार नव्हती. मी सुरक्षित होतो आणि माझी होती. खादर म्हणजे काय ते आम्हा दोघांपैकी कोणाला समजले होते, हे मी वेगळे सांगायला नको. २०२५च्या सप्टेंबरात पाणी पुन्हा २०७ मीटरच्या वर चढले आणि तसेच तंबू पुन्हा दिसले.

आता नदीकाठ ‘सुशोभित’ करण्याच्या योजना ठिकठिकाणी होत आहेत. त्यांतील काहींत पाणथळींचे पुनरुज्जीवन आहे, त्याचे मी स्वागत करतो. काठावर लोक आले तर नदीविषयी आस्था वाढेल, हेही खरे. परंतु हिरवळीचे गालिचे, फरशा, रोषणाई आणि परदेशी शोभेची झाडे यांनाच आपण सौंदर्य समजू लागलो, तर माझा त्याला विरोध आहे. चक्रवाकाला उघडी वाळू हवी, पाणकोंबडीला देवनळाची जाळी हवी, कोल्ह्याला अंधार हवा. शरद ऋतूत पांढऱ्या तुऱ्यांनी डोलणारे काशगवत आणि ज्याच्या काड्यांचे मूढे आपल्या व्हरांड्यात असत ते सरकंड्याचे गवत, हीच यमुनेची मूळ शोभा. तिला ओसाड जागा म्हणून नांगरून टाकायचे आणि तिथे लॉन लावायचे, यात नदीचे काही भले नाही. शेतकऱ्यांना तिथून उठवले म्हणजे नदी मोकळी झाली, असेही मला वाटत नाही. पूर आला की बाजूला होणारा आणि ओसरला की परतणारा माणूस काँक्रीटपेक्षा नदीला परवडणारा आहे. खतांचा व कीटकनाशकांचा प्रश्न त्याच्यासोबत बसून सोडवता येईल.

हे सारे निराशाजनक वाटत असेल, तर यमुनेचीच पुढची कथा सांगतो. दिल्ली, मथुरा, आग्रा असे सोसत ती इटाव्याच्या पुढे जाते, तेव्हा पाचनदापाशी तिला चंबळ मिळते. ही चंबळ माळव्यातून, महूजवळच्या डोंगरातून निघालेली. तिच्या काठावर १९७९पासून अभयारण्य आहे. त्यात सुसरी आहेत, डॉल्फिन आहेत, दुर्मीळ कासवे आहेत. चंबळेच्या स्वच्छ पाण्याने यमुनेत पुन्हा प्राण येतो. नदीला चांगले पाणी आणि थोडी जागा मिळाली की ती स्वतःला सावरते. जगतपूरच्या क्षारपड जमिनीने वीस वर्षांत तेच दाखवले.

मग आपण काय करावे? शासनाचे काम शासनाने करावे, त्यासाठी नागरिक म्हणून आपण आग्रह धरावा. पण मी शाळेच्या व्यासपीठावर उभा आहे, म्हणून शाळेपुरते मागणे मागतो. दरवर्षीच्या आठवीच्या वर्गाने यमुनाकाठची एक जागा ठरवावी. उद्यानात किंवा ओखल्याला, जिथे मुलांना सुरक्षितपणे उभे राहता येईल. चार ऋतूंत चार वेळा तिथे जावे. पाण्याचा रंग कसा आहे, वास आहे का, पाणी कुठल्या खुणेपर्यंत आले आहे, कोणते पक्षी किती दिसले, कोणते गवत फुलले, हे एका वहीत लिहावे. पक्ष्यांची नावे मराठीतून लिहावीत. वही शाळेत राहावी आणि पुढच्या आठवीच्या हाती द्यावी. उषा गांगुली यांनी दिल्लीच्या पक्ष्यांवर लिहिलेले पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी काय होते हे आज आपल्याला कळते, ते अशा कुणीतरी सातत्याने नोंदी ठेवल्या म्हणून. पालकांनी वर्षातून एका रविवारी मॉलऐवजी मुलांबरोबर काठावर जावे. दुर्बिणी घ्यायला माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावावा. पहिल्या दोन मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे.

पंधरा वर्षांनी ही शाळा अमृतमहोत्सव साजरा करील. त्या वेळच्या स्मरणिकेत या वहीतील पंधरा वर्षांच्या नोंदी छापता येतील. त्यांत वारकऱ्यांचे थवे वाढलेले असतील की घटलेले, हे मी आज सांगू शकत नाही, आणि ते वाचायला मी असेन की नाही तेही ठाऊक नाही. पण आपल्या मुलांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलेले असेल. आमच्या बाईंनी फळ्यावर लिहिलेला शब्द मला परीक्षेनंतर कळला. या मुलांना तो परीक्षेआधी कळावा, एवढीच माझी इच्छा आहे.